आय-लीग: मैदानावर जाऊनच बघावी अशी लीग

२०२२-२३ मध्ये आय-लीग ही भारतीय फुटबॉलची अधिकृत दुसरी पायरी झाली. वर इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल, खाली आय-लीग २ आणि तिच्याखाली आय-लीग ३. पंधरा वर्षं देशाची पहिली लीग म्हणून मिरवलेली स्पर्धा खाली आल्यावर प्रेक्षकाच्या हाती नेमकं काय लागतं, ते २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ या तीन हंगामांवरून इथे तपासलं आहे. गुण आधीच देऊन टाकू. खेळाला पाचपैकी साडेतीन, मैदानावरच्या अनुभवाला चार, प्रक्षेपणाला दीड आणि कारभाराला एक. हा एकही अशासाठी, की तिन्ही वर्षी साखळी एकदाची पूर्ण तरी झाली.

या तीन हंगामांत रचनेत गुंता नव्हता. प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळायचा, एकदा घरी, एकदा बाहेर. बारा संघ असले की प्रत्येकाचे २२ आणि एकूण १३२ सामने होतात. २०२३-२४ मध्ये तेरा संघ होते, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला २४ सामने आले. प्ले-ऑफ नव्हता, फायनल नव्हती. शेवटच्या दिवशी ज्याचे गुण जास्त तो विजेता, आणि तळाचे दोन संघ खालच्या लीगमध्ये जायचे. या शेवटच्या कलमामुळे मार्चमधल्या तळाच्या लढतीही बघण्यासारख्या व्हायच्या. २०२२-२३ मध्ये सुदेवा दिल्ली आणि मुंबई केंकरे, २०२३-२४ मध्ये नेरोका आणि ट्राऊ, २०२४-२५ मध्ये दिल्ली एफसी आणि एससी बेंगळुरू खाली गेले. आयएसएलमध्ये या तीन वर्षांत कुणाला अशी धास्तीच नव्हती. तिथे शेवटून पहिला आला तरी पुढच्या वर्षी खुर्ची शाबूत. तळाच्या दोन संघांची जिवावर उदार होऊन झालेली मॅच बघायची असेल तर आय-लीगला पर्याय नाही.

आता खेळ. ज्यांना युरोपातल्या लीग बघायची सवय आहे त्यांनी पहिली वीस मिनिटं धीर धरावा. पास चुकतात, चेंडू हवेत जास्त राहतो, मधल्या फळीत गर्दी होते. बहुतेक संघांची बांधणी एकाच साच्याची: मधोमध कणा परदेशी, म्हणजे एक सेंटर बॅक, एक मिडफिल्डर आणि एक सेंटर फॉरवर्ड, आणि दोन्ही बाजूंना पळणारी भारतीय पोरं. त्यामुळे गोल कुठून येणार हे जाणकाराला आधीच दिसतं. विंगवरून क्रॉस किंवा कॉर्नर, नि बॉक्समध्ये उंच परदेशी खेळाडू. २०२२-२३ मध्ये राउंडग्लास पंजाबच्या लुका माय्सेनने २० गोल केले, त्यामागे ही यंत्रणाच होती. फक्त तिथे चेंडू पुरवणारे आणि तो गेल्यावर परत हिसकावून आणणारे शिस्तीत होते. २२ सामन्यांत ५२ गुण मिळवून तो संघ वर गेला. १६ विजय, ४ बरोबरी, २ पराभव. दुसऱ्या पायरीवरची या तीन हंगामांतली सगळ्यात नेटकी मोहीम तीच.

पुढच्या वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंगलाही ५२ गुणच मिळाले, पण २४ सामन्यांत. ६ एप्रिल २०२४ ला शिलाँगमध्ये लाजोंगला २-१ हरवून त्यांनी एक सामना राखून विजेतेपद घेतलं. कोलकात्याचा एवढा जुना क्लब, त्याचा पाठीराखा वर्ग मोठा. त्या मोसमात लीगला जो काही आवाज होता तो बराचसा त्यांचाच.

मात्र चुरस म्हणावी तर २०२४-२५ चीच. शेवटच्या दिवशी, ६ एप्रिल २०२५ ला, चर्चिल ब्रदर्सचे ३९, गोकुलम केरळचे ३७, रिअल काश्मीर आणि इंटर काशी या दोघांचे ३६ गुण होते. चार संघ एकाच संध्याकाळी विजेतेपदाच्या हिशेबात. चर्चिलची गाठ श्रीनगरात थेट रिअल काश्मीरशी, आणि कोझिकोडला गोकुलमसमोर धेंपो. धेंपोला स्वतःला काही मिळवायचं नव्हतं. गोकुलमने सुरुवातीलाच दोन गोल चढवले. त्यांच्या थाबिसो ब्राऊनने हॅटट्रिक केली. तरीही सामना धेंपोने ४-३ जिंकला. गोकुलम जिंकलं असतं तर त्यांचे ४० झाले असते. तिकडे चर्चिलने १-१ बरोबरी साधून ४० गाठले, आणि इंटर काशीने राजस्थान युनायटेडला ३-१ हरवून ३९. म्हणजे गोव्याच्या एका क्लबने केरळात जाऊन गोव्याच्याच दुसऱ्या क्लबची वाट मोकळी केली. मडगावात त्या संध्याकाळी धेंपोचे आभार मानणारे चर्चिलवाले निघाले असतील, एरवी ही गोष्ट दुर्मीळ.

४० गुणांत विजेतेपद म्हणजे सामन्यामागे दोन गुणसुद्धा नाहीत. कुणी म्हणेल, दर्जा घसरला. तसं वाटत नाही. २०२२-२३ मध्ये एक संघ इतरांच्या फार पुढे होता, २०२४-२५ मध्ये तसा कोणीच नव्हता, इतकंच. त्याच एप्रिलच्या सुपर कपमध्ये, म्हणजे दोन्ही लीगच्या संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, इंटर काशीने आयएसएलच्या बेंगळुरू एफसीला पेनल्टी शूटआउटमध्ये घरी पाठवलं. त्याच स्पर्धेत गोकुलम एफसी गोवाकडून ३-० हरलं, हेही खरं. दोन पायऱ्यांमधलं अंतर आहे, पण एका चांगल्या प्रशिक्षकाला ते नव्वद मिनिटांपुरतं बुजवता येतं. काशीकडे तेव्हा अंतोनिओ लोपेझ हाबास होते, आयएसएल कोळून प्यालेले.

इथपर्यंत सगळं छान. घोडं पुढे अडतं.

१३ जानेवारी २०२५ ला नामधारी एफसीने इंटर काशीला २-० हरवलं होतं. काशीची तक्रार अशी, की नामधारीने साठलेल्या पिवळ्या कार्डांमुळे निलंबित असलेला परदेशी खेळाडू त्या सामन्यात उतरवला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने तक्रार मान्य करून काशीला ३-० विजय दिला. नामधारीने अपील केलं, अपील समितीने तो निर्णय फिरवला. मधल्या काळात लीग चालूच. तीन गुण कुणाचे हे ठरलेलं नसताना अख्खा गुणतक्ता दोन आवृत्त्यांमध्ये वाचावा लागत होता. ६ एप्रिलला चर्चिल ४० आणि काशी ३९ असं चित्र होतं, पण ते तीन गुण मिळाले तर काशी ४२. एप्रिलमध्ये महासंघाने चर्चिलला विजेते जाहीर केलं. काशी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेली. काशीने मारिओ बार्को या स्वतःच्या परदेशी खेळाडूची हंगामाच्या मध्यात पुन्हा नोंदणी केली होती, तिच्यावर इतर क्लबांनी हरकत घेतली होती. ते दुसरं प्रकरणही तिथेच पोहोचलं. १८ जुलै २०२५ ला लवादाने काशीला विजेते ठरवायला सांगितलं आणि आयएसएलची जागा काशीला गेली. सामने संपल्यानंतर साडेतीन महिन्यांनी विजेता ठरला. तोवर चर्चिल ब्रदर्सने सुपर कपमधून अंग काढून घेतलं होतं, मोहन बागानला पुढची फेरी न खेळताच मिळाली, आणि लीगचा विजेता कोण या प्रश्नाचं उत्तर वर्तमानपत्राच्या क्रीडा पानाऐवजी वकिलांकडे मागावं लागत होतं.

हा दोष कुठून येतो ते बघण्यासारखं आहे, कारण तो एका सामन्यापुरता नाही. निलंबनाचा हिशेब संघाच्या यादीशी जागच्या जागी जुळवला गेला असता तर प्रश्नच उद्भवला नसता. किक-ऑफच्या तासभर आधी संघाची यादी सामना आयुक्तांच्या हातात असते. त्या कागदावर प्रत्येक नावासमोर कार्डांची संख्या छापलेली असली आणि निलंबित नावावर तिथेच फुली मारली गेली, तर वाद पाच मिनिटांत मिटतो. फार तर क्लब चडफडेल आणि दुसरा खेळाडू उतरवेल. नंतर तक्रार, समिती, अपील, स्थगिती, लवाद असा प्रवास सुरू झाला की प्रत्येक टप्प्याला मुदत हवी, आणि ती शेवटच्या फेरीच्या आत संपायला हवी. तशी ती संपली नाही. वर्षभर २२ सामने खेळलेल्या खेळाडूला जुलैत कळतं की आपण विजेते नाही, किंवा आहोत. प्रेक्षकाने गुणतक्त्यावर विश्वास ठेवायचा तो कसा? म्हणून कारभाराला एक.

वर जाण्याचं दारही नीट समजून घ्यायला हवं. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्वालालंपूरला आशियाई महासंघासमोर जो आराखडा ठरला त्यात असं होतं, की २०२२-२३ आणि २०२३-२४ च्या आय-लीग विजेत्याने क्लब परवान्याच्या अटी पुऱ्या केल्या तर त्याला सहभागाचं शुल्क न भरता आयएसएलमध्ये जागा, आणि २०२४-२५ पासून बढती-घसरण दोन्ही बाजूंनी पूर्ण. त्यातलं पहिलं झालं. पंजाब एफसी, म्हणजे वरचा राउंडग्लास पंजाबच, २०२३ मध्ये वर गेली, खेळून वर गेलेला पहिला संघ. मग मोहम्मेडन, मग काशी. दुसरं झालं नाही. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये मोहम्मेडन तेराव्या म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिलं, २४ सामन्यांत १३ गुण, दोनच विजय. घसरण असती तर ते परत आय-लीगमध्ये आले असते आणि कोलकात्याचा प्रेक्षक खालच्या लीगला परत मिळाला असता. दार एका बाजूनेच उघडल्यामुळे आय-लीगने दरवर्षी आपला सर्वोत्तम संघ वर दिला आणि वरून बदल्यात काहीच घेतलं नाही. तीन वर्षांत पंजाब, मोहम्मेडन, काशी गेले. त्याआधी बेंगळुरू एफसी २०१७ मध्ये आणि मोहन बागान, ईस्ट बंगाल २०२० मध्ये आयएसएलमध्ये गेले होतेच. आटत जाणारी विहीर आहे ही, आणि खालून येणारा झरा बारीक.

बारीक म्हटलं तरी झरा आहे. २०२५ मध्ये आय-लीग २ मधून डायमंड हार्बर आणि चानमारी वर आले. त्यांपैकी डायमंड हार्बरने त्याच वर्षीच्या ड्युरँड कपच्या उपांत्य सामन्यात ईस्ट बंगालला हरवून अंतिम फेरी गाठली. तिथे नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांची ६-१ अशी धुलाई केली, ती गोष्ट वेगळी.

क्लब परवाना हा शब्द बातम्यांत सारखा येतो. त्यात पाच गट असतात: क्रीडाविषयक म्हणजे युवा संघ नि अकादमी, मैदान आणि सुविधा, कर्मचारी व प्रशिक्षकांची पात्रता, कायदेशीर कागदपत्रं आणि आर्थिक हिशेब. लहान क्लबांचं सहसा दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे स्वतःच्या ताब्यातलं, दिवे असलेलं मैदान, आणि दुसरं म्हणजे लेखापरीक्षण झालेले ताळेबंद. मैदान बहुधा सरकारचं किंवा राज्य संघटनेचं असतं, ते कधी मिळेल याची हमी नाही. यावरूनच या लीगची एक विचित्र तऱ्हा जन्माला आली आहे. नाव एका गावाचं, घर दुसऱ्या गावात. वाराणसीचा म्हणवणारा इंटर काशी २०२४-२५ मध्ये घरचे सामने पश्चिम बंगालमधल्या कल्याणीला खेळला. दिल्ली एफसीचं घर पंजाबातलं माहिलपूर. ज्या शहराचं नाव जर्सीवर आहे तिथल्या माणसाला संघ बघायला मिळत नसेल तर पाठीराखे कुठून जमणार? नेरोका आणि ट्राऊची गोष्ट यात धरू नये. मणिपूरमधल्या हिंसाचारामुळे २०२३-२४ मध्ये त्यांना इंफाळ सोडून राज्याबाहेर खेळावं लागलं, आणि दोघेही खाली गेले. घरचं मैदान गेल्याची किंमत त्यांनी मोजली.

मैदानांकडे वळू, कारण या लीगचा जीव तिथे आहे. श्रीनगरचं टीआरसी मैदान आणि ऐझॉलचं राजीव गांधी स्टेडियम, दोन्हीकडे कृत्रिम टर्फ. अशा टर्फवर पात्यांच्या बुडाशी रबराचे काळे कण पसरलेले असतात. चेंडू जोरात टप्पा घेतो तेव्हा त्या कणांचा छोटा फवारा उडतो. जवळून बघितलं तर स्लायडिंग टॅकल केलेल्या खेळाडूच्या मोज्यावर नि मांडीवर ते काळे ठिपके चिकटलेले दिसतात. पाहुण्या संघाचा गोलकिपर पहिल्या दहा मिनिटांत हमखास फसतो तो याच टप्प्यावर. गवतावर जो चेंडू छातीपर्यंत येतो तो इथे डोक्यावरून जातो. त्यात श्रीनगर समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० मीटरवर, शिलाँग १,५०० च्या आसपास. हवा विरळ, त्यामुळे लांब मारलेला चेंडू अंदाजापेक्षा चार-पाच पावलं पुढे जातो. गोव्यासारख्या दमट किनाऱ्यावरून वर गेलेला संघ उत्तरार्धात धापा टाकतो. श्रीनगर किंवा ऐझॉलहून बरोबरीचा एक गुण आणणं म्हणजे कमाईच, ही समज क्लबांत उगीच रुजलेली नाही.

काही मैदानांवर फ्लडलाइट नाहीत किंवा पुरेसे नाहीत, म्हणून किक-ऑफ दुपारी. दोनचा, साडेतीनचा. डोंगराळ भागात ते चालून जातं. मैदानी मुलखात मार्चच्या उन्हात पाणी पिण्यासाठी खेळ थांबवावा लागतो आणि सत्तराव्या मिनिटानंतर वेग मरतो. स्कोअर बघणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही. त्याला वाटतं संघ दमदार नव्हता.

पडद्यावर ही लीग बघणं ही वेगळीच परीक्षा. चॅनल दर एक-दोन हंगामांनी बदलतं. आधी वनस्पोर्ट्स होतं, २०२२-२३ मध्ये डीडी स्पोर्ट्स आणि युरोस्पोर्ट, २०२४-२५ मध्ये सोनी आणि एसएसईएन नावाचं ॲप. मागच्या वर्षी ज्या जागी सापडली तिथे यंदा नसते, आणि नवी जागा हंगाम तोंडावर आल्यावर कळते. २०२४-२५ सुरू व्हायच्या आधी प्रक्षेपणाचा प्रश्न क्लबांनाच जाहीरपणे उचलावा लागला होता. चित्राबद्दल बोलायचं तर कॅमेरे मोजके, आणि ज्या मैदानावर उंच मचाण नाही तिथे मुख्य कॅमेरा खाली असतो. मग पलीकडच्या टचलाइनवरची हालचाल चपटी दिसते, ऑफसाइड होता की नव्हता ते रिप्लेतही कळत नाही. व्हीएआर, म्हणजे रेफ्रीचा निर्णय व्हिडिओवर तपासण्याची सोय, नाहीच. ते आयएसएलमध्येही नाही, पण तिथे निदान चार कोनांतून चूक बघता येते. इथे रेफ्रीने पेनल्टी दिली की घरी बसलेला माणूस समालोचकाच्या भरवशावर. ॲपवर बघायचं झालं तर दोन गोष्टी पाळाव्यात: किक-ऑफच्या पंधरा मिनिटं आधी लॉगइन करून बघावं, आणि मोठ्या पडद्यावर टाकू नये. मोबाइलच्या आकारात चित्र जितकं सुसह्य असतं तितकं ते टीव्हीवर राहत नाही.

उलट मैदानात हे सगळे दोष गळून पडतात. बऱ्याच ठिकाणी प्रवेश फुकट किंवा नाममात्र तिकिटात, आणि बसायला मिळतं ते थेट टचलाइनच्या मागे. प्रशिक्षक कुणाला काय ओरडतोय, सेंटर बॅक राईट बॅकला किती वेळा आत ओढतोय, परदेशी स्ट्रायकर रेफ्रीशी कोणत्या भाषेत भांडतोय, सगळं ऐकू येतं. फुटबॉल शिकणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आयएसएलच्या स्टेडियममध्ये वरच्या मजल्यावर बसवण्यापेक्षा इथे कॉर्नर फ्लॅगपाशी उभं करावं. चेंडू नसताना बचाव फळी कशी सरकते हे तिथून जसं दिसतं तसं कुठल्याच कॅमेऱ्यातून दिसत नाही.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकासाठी सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे गोवा, आणि ही काही समाधानाची गोष्ट नाही. एकेकाळी महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी, पुणे एफसी असे संघ देशाच्या पहिल्या लीगमध्ये होते. महिंद्राने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग, म्हणजे आय-लीगच्या आधीची स्पर्धा, जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद केला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये चर्चिलच्या पाठोपाठ दुसरा आला, २०१५ नंतर दिसेनासा झाला. बालेवाडीत भारत एफसी आणि डीएसके शिवाजियन्स येऊन गेले. मुंबई एफसीची कथा तर चटका लावणारी. २००९ पासून संघ टिकवून धरणाऱ्या खालिद जमील यांना क्लबने २०१६ मध्ये सोडलं. त्याच वर्षी धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांनी लीगमधून माघार घेतली, त्यामुळे खाली गेलेल्या ऐझॉलला पुन्हा जागा मिळाली. जमील ऐझॉलला गेले आणि २०१६-१७ ची आय-लीग जिंकून बसले. मुंबई एफसी त्याच हंगामात तळाला जाऊन संपली. जमील पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. आय-लीग दुसरी पायरी झाल्यावर तिच्यात दिसलेला महाराष्ट्राचा एकमेव संघ म्हणजे मुंबई केंकरे, तोही २०२२-२३ अखेर खाली गेला. कारण शोधायला फार लांब जायला नको. कंपनी खेळ सोडते तेव्हा मागे उरण्यासारखा क्लब नसतो. सदस्य नाहीत, गाव नाही, मैदान भाड्याचं. गोव्यात धेंपो आठ वर्षं आय-लीगबाहेर राहूनही मोडला नाही. २०२३-२४ ला आय-लीग २ मध्ये दुसरा येऊन परत आला, कारण खाली अकादमी आणि गोवा प्रोफेशनल लीग चालूच होती. समीर नाईक, स्वतः धेंपोकडून विजेतेपदं जिंकलेला बचावपटू, त्या संघाचा प्रशिक्षक होता.

तेव्हा गोव्यात सामना बघायला जायचं असेल तर असं करावं. लीगचं वेळापत्रक हाती आलं तरी लगेच रेल्वेचं तिकीट काढू नये. तारखा आणि विशेषतः किक-ऑफची वेळ बदलते. क्लबच्या इन्स्टाग्राम पानावर सामन्याच्या दोन दिवस आधी मैदान आणि वेळ पक्की करावी. मैदान हा शब्द महत्त्वाचा, कारण चर्चिल २०२२-२३ मध्ये वास्कोच्या टिळक मैदानावर घरचे सामने खेळत होतं आणि २०२४-२५ मध्ये सासष्टीतल्या राय गावच्या पंचायत मैदानावर. वास्को समजून गेलात तर सामना चुकलाच. कोकण रेल्वेने मडगावला उतरणं सगळ्यांत सोयीचं. फातोर्ड्याचं स्टेडियम शहरातच आहे, रायला बस किंवा रिक्षाने थोडक्यात पोहोचता येतं. मैदानाचा मध्यभाग धरून बसायचं असेल तर अर्धा तास आधी जावं, छत असेलच असं नाही, टोपी न्यावी. पाण्याची बाटली आत नेऊ देतील न देतील, बाहेरच पिऊन घ्यावं. सामना संपल्यावर मडगावात रॉस ऑम्लेटच्या गाड्यावर जे विश्लेषण ऐकायला मिळतं ते टीव्हीवरच्या तज्ज्ञांपेक्षा कडक असतं, आणि गोवेकर आपल्या क्लबालाही सोडत नाहीत.

लांबचा प्रवास परवडत असेल तर ऐझॉल. मिझोरमसाठी इतर राज्यांतल्या भारतीयांना इनर लाइन परमिट लागतो, तो लेंगपुई विमानतळावर उतरल्यावरही काढता येतो, सोबत ओळखपत्र आणि फोटो ठेवावेत. रविवारी तिथे सगळं बंद असतं हे लक्षात घेऊन परतीचा दिवस ठरवावा. शिलाँग त्यामानाने सोपं, गुवाहाटीहून गाडीने तीनेक तास, आणि पोलो ग्राउंडवरचा प्रेक्षक ढोल नसतानाही आवाज कसा करायचा ते जाणतो. श्रीनगरला जायचं तर डिसेंबर-जानेवारी टाळून मार्च गाठावा, बर्फात सामना पुढे ढकलला जाण्याची भीती उरत नाही. कल्याणीचा सामना बघणाऱ्याने सियालदहहून लोकल पकडावी.

खेळाडू हेरायची हौस असलेल्यांसाठी एक सूचना. परदेशी गोलवीरांकडे सगळ्यांचंच लक्ष असतं, तुम्ही विंगवरच्या भारतीय पोरांवर डोळा ठेवा. गोव्याचा विन्सी बारेटो गोकुलमकडून आय-लीग जिंकून वर गेला. इंटर काशीकडे खेळत असतानाच एडमंड लालरिंडिका २०२५ मध्ये राष्ट्रीय संघात बोलावला गेला आणि मग ईस्ट बंगालने त्याला उचललं. असे एक-दोन दर हंगामात निघतात, आणि बहुतेकदा ते जानेवारीच्या आतच दिसून येतात. एप्रिलपर्यंत थांबलात तर बातमी सगळ्यांना ठाऊक झालेली असते.

हंगामाचा पास किंवा ॲपची वर्षभराची वर्गणी आगाऊ घेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. ८ डिसेंबर २०२५ ला महासंघ आणि त्याच्या व्यावसायिक भागीदाराचा पंधरा वर्षांचा करार संपला. नवी घडी वेळेत बसली नाही, आणि एरवी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होणारी ही लीग २०२५ चं वर्ष सरेपर्यंत सुरूच झाली नव्हती. खेळाडूंचे करार चालू होते, सराव चालू होता, सामने नव्हते. त्यामुळे पैसे घालायचेच तर एकेका सामन्यापुरते, आणि मैदानाच्या दारात.